स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी केअर सेंटर निवडताना: संध्याकाळी सहाला जा

माझी आत्या कराडला शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही, पण आम्हा भाचरांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं. निवृत्तीनंतर तिचे हिशेब चुकायला लागले तेव्हा 'साठी बुद्धी नाठी' म्हणत आम्ही दोन वर्षं हसण्यावारी नेलं. अल्झायमरचं निदान झालं आणि तिला चिंचवडला माझ्याकडे आणलं. साडेतीन वर्षं घरी सांभाळलं; दिवसा एक बाई, रात्री आम्ही दोघं. मग एका पहाटे तीनला ती साडी नेसून, पर्स काखेला लावून तीन मजले उतरली आणि वॉचमनला म्हणाली, "पहिली घंटा झाली, फाटक उघडा." त्या महिन्यातली ती चौथी वेळ होती.

त्यानंतर पुणे-पिंपरीत आणि साताऱ्याकडे मिळून ११ ठिकाणांची चौकशी केली. पहिली निवड चुकली, सहाव्या आठवड्यात तिला तिथून हलवावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी ती आता दोन वर्षं आहे. आम्ही खाल्लेले टक्केटोणपे तुम्हाला खावे लागू नयेत म्हणून क्रमाने लिहिते आहे.

१. आधी पाट्या वाचायला शिका

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे बाळंतपणाचं नाहीतर अपेंडिक्सचं छोटं खासगी रुग्णालय. परदेशातला चुलतभाऊ फोनवर "चांगलं नर्सिंग होम बघ" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वेगळीच जागा असते. तुम्हाला हवी ती जागा इथे वृद्धाश्रम, केअर सेंटर, असिस्टेड लिव्हिंग, डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश) केअर अशा नावांनी सापडेल, आणि नावावरून आत काय आहे ते अजिबात कळणार नाही.

ढोबळमानाने असं समजा. बहुतेक वृद्धाश्रमांचा नियम असतो की माणसाला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. तिथे स्मृतिभ्रंशाचा माणूस घेतला तरी तो भटकायला लागला की "घेऊन जा" असा फोन येतो. केअर सेंटरमध्ये मुख्यतः अंथरुणाला खिळलेली माणसं असतात. त्यांचं सगळं पलंगावर करायची तिथे सवय, त्यामुळे हिंडता-फिरता माणूस त्यांना अडचणीचा वाटतो. खास स्मृतिभ्रंशासाठीची केंद्रं थोडी आहेत आणि तिथे प्रतीक्षायादी असते.

भिंतीवर फ्रेम करून लावलेले कागद जवळ जाऊन वाचा. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे ट्रस्ट कायदेशीर आहे, एवढंच. यातून माणसं कशी सांभाळली जातात ते कळत नाही. उपचार आणि शुश्रूषा देतो असं सांगणाऱ्या जागेला १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र आहे का, त्यावरची मुदत संपली आहे का, हे विचारा. मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाच्या भानातले गंभीर बिघाडही येतात. "तुमची नोंदणी कशाखाली आहे?" या साध्या प्रश्नावर समोरचा कसा वागतो तेही पाहून ठेवा. एका ठिकाणी मालकांनी मला थेट चहा विचारला.

२. घरच्या माणसाची एक पानी चिठ्ठी लिहा

कोणालाही फोन करण्याआधी हे करा. आमच्या चिठ्ठीत असं होतं:

- आधाराशिवाय चालते. जिना उतरते, चढताना धरावं लागतं
- हाताने जेवते, पण समोर बसून "घास घे" म्हणावं लागतं
- लघवीला दर दोन तासांनी न्यावं लागतं, रात्री डायपर
- संध्याकाळी पाचनंतर "शाळा सुटली, घरी जायचंय" सुरू होतं
- अंघोळीला विरोध करते, दोनदा बाईला चापट मारली
- फक्त मराठी. इंग्रजी पूर्वी यायचं, आता नाही
- चष्म्याशिवाय घाबरते

पाचवी ओळ लिहायला आमच्या घरात विरोध झाला. "असं सांगितलं तर घेतील का?" हा सगळ्यात मोठा सापळा आहे. भटकणं, मारणं, रात्रीचं ओरडणं लपवून प्रवेश घेतलात तर पंधरा दिवसांत माणूस परत येतो, किंवा न सांगता गुंगीच्या गोळ्या सुरू होतात. दुसरी गोष्ट तर तुम्हाला कळतही नाही.

भाषेची ओळ मुद्दाम लिहा. स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते आणि लहानपणची उरते. बंगळूरला किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी घरांनी तर हा मुद्दा पहिल्या तीनांत धरावा. तहान लागली हे सांगता न येणं ही किरकोळ गैरसोय नाही.

३. डॉक्टरांकडून निदान नीट लिहून घ्या

'डिमेन्शिया' एवढंच लिहिलेलं पुरत नाही, प्रकार कोणता ते हवं. अल्झायमर, रक्तवाहिन्यांमुळे होणारा, लेवी बॉडी, फ्रंटोटेम्पोरल, प्रत्येकाची वागण्याची आणि औषधांची तऱ्हा वेगळी. लेवी बॉडीच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर शरीर ताठरून प्रकृती गंभीर होऊ शकते. ही सूचना फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असायला हवी. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या नसतील तर आधी त्या करून घ्या. त्यांच्या कमतरतेतूनही विसरणं वाढतं आणि ते औषधाने सुधारू शकतं.

४. फोनवरच निम्मी ठिकाणं गाळा

चालता-फिरता, भटकणारा रुग्ण घेता का? रात्री ड्यूटीवर किती जण असतात? नातेवाइकांना भेटायची वेळ कोणती? एकूण किती जण राहतात? तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेता? या पाच प्रश्नांत आमची ११ पैकी ४ ठिकाणं फोनवरच गळाली. "भेटायला फक्त रविवारी ११ ते १" असं उत्तर आलं तर मी पुढे जाणार नाही.

५. दोनदा जा, आणि दुसऱ्यांदा न सांगता

पहिली भेट वेळ घेऊन, सकाळी. तेव्हा सगळं छान दिसतं. लादी पुसलेली, टीव्हीवर भजन, मॅडम स्वतः फिरवून दाखवतात. बाग दाखवतात. बागेत कोणी बसलेलं नसतं, हे मला चौथ्या ठिकाणी लक्षात आलं.

दुसरी भेट संध्याकाळी सहाच्या सुमारास, एखादा विसरलेला प्रश्न विचारायच्या निमित्ताने. दिवस कलला की स्मृतिभ्रंशाच्या बऱ्याच रुग्णांचा जीव कासावीस होतो. येरझारा, रडणं, "मला घरी सोडा" सुरू होतं. त्याच वेळी दिवसाची माणसं घरी जायच्या घाईत असतात आणि रात्रीची यायची असतात. जागेची खरी परीक्षा त्या एका तासात होते. आमच्या पहिल्या ठिकाणी मी संध्याकाळी कधी गेलेच नव्हते. आता तिथलं सहा वाजताचं दृश्य मला माहीत आहे: पाच जणी खुर्च्यांवर, कमरेला ओढणी खुर्चीला बांधलेली, आणि त्यातली एक आमची आत्या.

काय पाहायचं ते सांगते.

नाकाने पाहा. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं चालेल, माणसं राहतात. सगळीकडे जुना, मुरलेला वास असेल तर डायपर वेळेवर बदलत नाहीत. फिनेलचा भपकारा असेल तर तुमच्यासाठीच मारलं आहे.

राहणाऱ्यांचे हात पाहा. नखं कापलेली आहेत का, मनगटावर वळ आहेत का. ओठ कोरडे पडलेत का. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की कपाटावर शोभेला? चष्मा, कवळी, ऐकायचं यंत्र जिथल्या तिथे आहे का? कवळ्यांची अदलाबदल झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

सकाळी ११ वाजता सगळे झोपलेले असतील तर ते 'शांत वातावरण' नव्हे.

जमीन पाहा. चकचकीत ग्रॅनाइट या रुग्णांना ओलं वाटतं आणि काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं. मग ते दारातच अडून बसतात आणि लोक म्हणतात हट्टीपणा करतात. संडासाचं दार लांबून ओळखू येतं का, आत धरायला दांडी आहे का? मोठे आरसे झाकता येतात का? आत्या आरशातल्या बाईला "तुम्ही कोणाकडे आलात?" विचारायची. मुख्य दाराला कुलूप असणं मला पटतं, पण आग लागली तर किल्ली कोणाच्या खिशात आहे हे विचाराच.

जेवणाच्या वेळी थांबायला मिळालं तर सोनं. भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने चार तोंडांत पाळीपाळीने घास कोंबते? आजार वाढला की गिळायला त्रास होतो, घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून माणूस सरळ बसलेला हवा, घास लहान हवा आणि भरवणाऱ्याला घाई नको. मेनूकार्डवर काय छापलंय यापेक्षा मऊ भात, वरण, पेज कोणासाठी वेगळं निघतं का ते विचारा.

६. मावश्यांशी बोला

माझं मत विचाराल तर सगळा निवाडा इथे होतो. इमारत, डॉक्टरांची नावं, फिजिओथेरपीची खोली हे सगळं दिवसातून तासभर उपयोगी पडतं. उरलेले २३ तास तुमचं माणूस एखाद्या मावशीच्या, मामांच्या हातात असतं.

ऑफिसबाहेर, पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांच्याशी बोला. कोपऱ्यात बसलेल्या काकूंकडे बोट दाखवून विचारा, "यांना काय आवडतं हो?" पहिल्या ठिकाणी मला उत्तर मिळालं होतं, "सात नंबर? त्या काही बोलत नाहीत." ते ऐकूनही मी सही केली. दुसऱ्या ठिकाणी नांदेडकडच्या एक मावशी म्हणाल्या, "त्यांना चहात बिस्किट बुडवून लागतं, पण मोडून दिलं की रागावतात. अख्खं द्यायचं."

मग हे काढून घ्या: किती दिवस झाले इथे? रात्री किती जण असता? जागे असता की झोपता? मावश्या राहतात कुठे? सुट्टी मिळते का? जिथे दर दोन महिन्यांनी कामाच्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून नवीन चेहरा येतो तिथे तुमच्या माणसाला रोज नव्याने अनोळखी हात अंघोळ घालतात. मग चापट बसणारच. आमच्या पहिल्या ठिकाणी २२ जणांमागे रात्री एक मावशी आणि एक वॉचमन होते. आताच्या ठिकाणी १६ जणांमागे तिघी आहेत आणि त्यातल्या दोघी चार वर्षांहून जुन्या. इथलं प्लास्टर उडालंय, लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते. चालतं.

प्रशिक्षणाबद्दल विचारताना 'नर्स' या शब्दावर विसंबू नका. जी.एन.एम. किंवा ए.एन.एम. हा नर्सिंगचा रीतसर अभ्यासक्रम झालेली परिचारिका वेगळी, सहा महिन्यांचा कोर्स केलेली सहायिका वेगळी, आणि पांढरा कोट घातलेली मावशी वेगळी. तिघींचीही गरज असते. इंजेक्शन कोण देतं एवढं स्पष्ट करून घ्या.

७. गोळ्यांबद्दल उघड बोला

क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही भास, आक्रमकपणा आवरायला देतात त्या गोळ्यांची नावं पाठ करा. कधीकधी त्यांची गरज खरोखर पडते, आत्यालाही काही महिने एक छोटी मात्रा होती. पण स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच द्यायला लावला आहे. म्हणून नवीन गोळी सुरू करण्याआधी घरी फोन येईल, कारण आणि मुदत लिहिली जाईल, हे करारातच घालून घ्या. दर महिन्याला औषधांच्या तक्त्याचा फोटो मागा.

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: माणूस एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळला, बरळायला लागला किंवा नुसता पडून राहिला, तर 'आजार वाढला' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवीन गोळी यांपैकी काहीतरी असू शकतं. हे ज्या केंद्राच्या डॉक्टरांना न विचारता सुचतं, ते केंद्र यादीत वर घ्या.

८. रात्री दोन वाजता काय होतं?

पडली, धाप लागली, ताप चढला, तर कोण ठरवतं, कशातून नेतात, सोबत कोण जातं, तुम्ही पोहोचेपर्यंत सही कोण करतं? हे नीट विचारा. "१०८ ला फोन करतो" हे उत्तर ठीक आहे. "तुम्हालाच यावं लागेल" हेही प्रामाणिक आहे. "आमच्याकडे असं होत नाही" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. पडलेल्या माणसांची नोंदवही असते का ते विचारा. खिळलेल्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवतात का, त्याचा तक्ता पलंगापाशी आहे का, आणि तो आज दुपारपर्यंत भरलाय की आठवड्याभराचा एकाच पेनाने?

९. पैसे आणि करार

आम्हाला महिना २५,००० पासून ६०,००० पर्यंत आकडे ऐकायला मिळाले. या आकड्याला फसू नका, त्यात काय धरलेलं नाही ते पाहा. डायपर, औषधं, डॉक्टरांची फी, फिजिओ, केस कापणं, रुग्णालयात सोबत पाठवायची बाई हे बहुतेक ठिकाणी वेगळं. आमचं ३२,००० चं पहिलं बिल ४३,००० चं आलं.

करारात हे लिहिलेलं हवं: डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत, मृत्यू झाला तर उरलेल्या दिवसांचे पैसे, रुग्णालयात असताना जागेचं भाडं, दरवर्षीची वाढ, ते बाहेर काढणार असतील तर किती दिवसांची नोटीस. 'आजीवन' म्हणून एकरकमी लाखो रुपये घेणाऱ्या योजनेत महिनाभर तरी राहून पाहिल्याशिवाय शिरू नका. पावतीशिवाय रोख देऊ नका, मालक कितीही ओळखीचे असोत.

१०. कागदपत्रं

सोबत न्यायचं:

- रुग्णाचं आधार कार्ड, चार फोटो
- निदानाचा कागद, एमआरआय किंवा सीटी, अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट
- चालू औषधांची यादी, डोस आणि वेळेसह. ॲलर्जी असेल तर लाल शाईत
- आरोग्य विम्याचं कार्ड
- जबाबदार नातेवाइकाचं ओळखपत्र आणि दोन फोन नंबर
- वरची एक पानी चिठ्ठी

आता घरच्या कागदांचं. निदान नुकतंच झालं असेल आणि माणसाला समजतंय तोवर मृत्युपत्र, बँकेचं नामांकन, उपचारांबद्दलची इच्छा हे उरकून घ्या. अखेरच्या उपचारांबाबतचं इच्छापत्र नोटरीसमोर करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. पण ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं. मग मालमत्तेसाठी उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, ते काम वकिलाशिवाय होत नाही.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो, पण ते ॲप पापणी मिटायला सांगतं. आत्या सांगून मिटत नाही. आम्ही मोबाइल धरून उभे राहिलो, तिला हवी तेव्हा तिने मिटली.

नातेवाईक "आश्रमात टाकलं" म्हणतील. कायदा असं म्हणत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे. त्याची सोय लावून, खर्च उचलून, भेटत राहणं म्हणजे सोडून देणं नव्हे. उलट मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्यांच्याकडे आहे किंवा जाणार आहे, त्या नातेवाइकांवर त्याच कायद्याने निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे. आमच्याकडे जे सगळ्यात मोठ्याने बोलत होते त्यांना मी हे शांतपणे सांगितलं, तेव्हापासून फोन कमी झाले.

कुठे अडलात तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. मनाच्या बाबतीत, तुमच्या स्वतःच्याही, टेलिमानसचा १४४१६.

११. पहिला महिना

"पंधरा दिवस येऊ नका, रुळू द्या" असं काही ठिकाणी सांगतात. मला हे मान्य नाही. मी रोज गेले, वेगवेगळ्या वेळी, वीस मिनिटं. निघताना "येते हं" म्हटलं की ती पर्स शोधायची, म्हणून तिसऱ्या दिवसापासून मावशींनी तिला जेवायला बसवल्यावर मी निघायला लागले.

घरची गोधडी, तिची पितळी वाटी आणि शाळेतला एक फोटो नेला. सोन्याच्या बांगड्या काढून ठेवल्या, काचेच्या घातल्या. मोकळा हात पाहून तिने दोन दिवस रडून काढले होते. मनगटावर फोन नंबर कोरलेली पट्टी. पहिल्या दिवशी आणि महिन्याअखेर वजन करा आणि लिहून ठेवा. दोन किलोहून जास्त उतरलं असेल तर जेवणाच्या वेळी जाऊन बसा. भेटीत पाठ, टाचा, माकडहाड स्वतः पाहा. लाज वाटून घेऊ नका, लाली दिसली तर त्याच दिवशी दाखवा, जखम व्हायच्या आधी.

कपड्यांवर नाव मार्करने लिहू नका, चार धुण्यांत जातं. काळ्या दोऱ्याने शिवा, गाउनच्या मानेच्या आतल्या बाजूला. मी पहिल्या महिन्यात तीन गाउन हरवले आणि एका आजोबांचा लेंगा घरी घेऊन आले.